डाकोटासाठी फेटा

आमच्या गल्लीतले गादीवाले चाचा जुन्या विमानांचे वेडे. जेट कानठळ्या बसवत गेलं की नाक मुरडतात. पंख्याचं विमान दिसलं की चपला काढून उभे राहतात. यंदा बेंगलोरच्या एअर शोला त्यांनी मलाही ओढून नेलं. पिशवीत भडंग, आणि त्यावर घडी घातलेला गुलाबी फेटा.

"चाचा, लगीन हाय व्हय कुणाचं?"

"कुस्तीच्या मैदानात म्हाताऱ्या वस्तादाला फेटा बांधतोय का न्हाय आपण? मग डाकोटानं काय पाप केलंय?"

ते जुनं डाकोटा विमान कठड्यापलीकडं उभं होतं. फेटा घेऊन तिकडं निघालेल्या चाचांना जवानानं अडवलं. चाचा आधी भांडले, मग हात जोडले. जवान हसला, पण सोडलं नाही.

डाकोटा सगळ्यात शेवटी उडालं. "चला, गाडी चुकंल," मी म्हटलं.

"चुकू दे. वस्ताद उतरल्याबिगर मैदान सोडायचं न्हाय."

ते उतरेपर्यंत चाचा ओंजळीत फेटा धरून अनवाणी उभे होते. गाडी चुकलीच.

परतताना मी म्हटलं, "फेटा मला द्या की. भावाच्या लग्नात बांधतो."

चाचांनी पिशवी छातीशी ओढली.

"हात लावू नगंस. त्याचा हाय त्यो."