देवघरातली काडतुसे

नोकरीत पाहिलेले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. गाव एका खटल्यातले आठवते आणि पंच दुसऱ्यातले. पण निंबाच्या खोडात चार बोटांच्या अंतरावर रुतलेल्या त्या दोन गोळ्या अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. वरचे हुकूम नागपूरहून येत. मी संग्रामपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका ठाण्यावर ठाणेदार होतो. दिवाळी होऊन गेली होती, ज्वारीत दाणे भरले होते आणि डोंगरातली डुकरे रोज पिकात उतरत होती. एका सकाळी कोतवाल वर्दी घेऊन आला. एक शेतकरी आपल्या विहिरीजवळ निंबाला टेकून न्याहारी करत बसला असता गोळी लागून मेला होता. शेजारच्या शेताचा जागल्या, म्हणजे पीक राखणारा गडी, स्वतःहून कोतवालापुढे येऊन बसला होता.

जागल्याचे म्हणणे साधे होते. मालकाची रायफल राखणीसाठी त्याच्याकडे होती. धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, डुक्कर उभे दिसले, त्याने दोन गोळ्या झाडल्या, पलीकडचा माणूस दिसला नाही. त्याने रायफल, दोन रिकाम्या पुंगळ्या आणि पिशवीतली उरलेली काडतुसे काढून दिली. मी पंचनामा केला, मुद्देमाल सील केला, साखळीने अंतर मोजले. पुंगळ्या पडल्या म्हणून त्याने दाखवली त्या जागेपासून निंब शंभर यार्डांना थोडा कमी भरला. एक गोळी मृताच्या मानेतून पार होऊन खोडात गेली होती, दुसरी तिच्या शेजारीच. दोन्हींचे तुकडे झाले होते. वजन करून त्या कोणत्या काडतुसातल्या ते कळण्यासारखे नव्हते.

सगळे जुळत होते. मला खटकले ते हेच. मी जागल्याला तीन वेळा हकीकत विचारली. तिन्ही वेळा तीच वाक्ये, त्याच क्रमाने. खरे सांगणारा माणूस मागेपुढे करतो, मध्येच काही आठवते, अडखळतो. हा पाढे म्हटल्यासारखा बोलत होता.

शिवाय मृत शेतकरी आणि जागल्याचा मालक यांच्यात धुऱ्यावरून जुना तंटा होता. मालकांनी धुरा सरकवला, अशी मृताची तक्रार होती आणि लवकरच मोजणी व्हायची होती. मालक गावातले मोठे शेतकरी, देवधर्म करणारे, अधिकाऱ्यांत उठबस असलेले. ते ठाण्यात आले ते हळहळतच. "गरीब मानूस हाय, सायेब. चुकीनं झालं त्याच्याकडून. सांभाळून घ्या."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून जागल्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे ठरले. न्यायच्या आदल्या सकाळी, हजेरी चालू असताना, त्याची बायको ठाण्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"सायेब, माह्या नवऱ्यानं कोनाले मारलं नाई."

आमचे जमादार दुसरबीडकडचे, जिभेचे तिखट. ते म्हणाले, "बाई, तो स्वतः सांगून राह्यला ना! मंग तुले काय जास्त माहीत?"

"तो काई बी सांगीन. त्याची बंदूक नुसती आवाजाची हाय. इतके वर्स झाले, एक डुक्कर पडलं असन तर गावाले ईचारा. डुक्करं त्याले वयखतात. बंदूक वाजली का दोन पावलं सरकतात अन् पुन्हा चरतात!"

हजेरीतले शिपाई हसले. ती हसली नाही. "त्याले फाशी होते का, सायेब?"

मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे मी थांबवले आणि कोठडीत जागल्यासमोर बसलो.

"काडतुसे कोण देतो?"

"मालक देते."

"कोणती?"

"जुनी. माळ्यावरची."

"नेम लागतो त्यांनी?"

इथे तो पाढा विसरला. "कायचा नेम, सायेब! धरा कुठं, जाते कुठं." मग भानावर येऊन खाली पाहू लागला.

रायफल चालवणाऱ्याला हे नवे नाही. नळीच्या आतले पेच ठरावीक वजनाच्या गोळीसाठी कापलेले असतात. हलकी गोळी घातली तर ती नीट स्थिरावत नाही. त्यात काडतूस जुने, कौलाखाली उन्हाळे काढलेले असले, की दारू एकसारखी जळत नाही. एक गोळी वर जाते, एक खाली. पण काडतुसाला परवाना आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून गावाकडे जुनी काडतुसे कोणी टाकत नाही. ती राखणीला, आवाजापुरती.

मी ती रायफल बुलढाण्याच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, नेली. घटनास्थळाएवढ्याच अंतरावर निशाण लावले. नळी वाळूच्या पोत्यावर टेकवली. नळीतल्या तेलाने पहिली गोळी भरकटते, म्हणून पहिली धरली नाही. पाच गोळ्या मी झाडल्या, पाच जमादारांनी, म्हणजे हाताचा दोष वेगळा काढता यावा. जागल्याच्या पिशवीतल्या जुन्या, हलक्या गोळीच्या काडतुसांनी दहा छिद्रे बैलगाडीच्या चाकाएवढ्या जागेत विखुरली. मग रायफल ज्या गोळीसाठी बनवली होती तसली नवी विलायती काडतुसे आणून घातली. त्यांची दहाही छिद्रे जमादारांच्या पंजाखाली झाकली गेली.

जमादार म्हणाले, "सायेब, बंदूक तीच, पन हिचं पोट बदललं का हिची नियत बदलते."

दोन गोळ्या योगायोगानेही जवळ पडू शकतात. म्हणून मी याला पुरावा म्हटले नाही, शंका म्हटले. पण मालकांच्या परवान्यावर तसल्याच विलायती काडतुसांची खरेदी होती. शंका कुठे न्यायची, ते आता ठरले होते.

दोन पंच घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मी रायफलीचे कौतुक केले आणि सहज विचारले, "भाऊसाहेब, चांगली काडतुसे जागल्याच्या हाती पडली असतील का? घाईत, चुकून?"

मी त्यांना एक वाट उघडून दिली होती. 'हो, पडली असतील' एवढे म्हणाले असते तर माझा तपास तिथेच अडला असता. पण मालकांना तो अपमान वाटला.

"त्याच्या हाती? सायेब, ते काडतुसं दसऱ्याले पाटावर मांडतो आम्ही, रायफलीसंगं. नऊ. हळद-कुंकू लावतो. मंग वर्सभर देवघरात. वाघ जखमी होऊन गावात शिरला तरच काढाचे. माह्या सख्ख्या भावाले हात लावू देत नाई मी, अन् तो तर वसरीच्या वर चढत नाई."

"नऊची नऊ आहेत?"

"हाव. पाहून घ्या."

त्यांची आंघोळ झालेली होती. स्वतः आत गेले, पितळी डबा आणला आणि काडतुसे पंचांपुढे ओळीने मांडली. नऊच होती. मालकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले.

मी ती खिडकीशी उजेडात नेली. सात काडतुसांवरची हळद वाळून तपकिरी झाली होती, काही ठिकाणी पापुद्रे सुटले होते. दोनांवरची पिवळीजर्द होती. बोट लावले तर बोटाला आली.

पूजेतल्या काडतुसांवरच भरवसा ठेवून त्यांनी दोन नेली होती, पण नऊचा आकडा मोडलेला त्यांना चालला नव्हता. माणूस मारून घरी आल्यावर त्यांनी त्याच खरेदीच्या खोक्यात उरलेली दोन नवी काडतुसे घेतली, हळद कालवली आणि देवाचा हिशोब पुरा केला.

मी पिवळे बोट त्यांच्यापुढे धरले. "भाऊसाहेब, या दोहोंचा दसरा कधी झाला?"

त्यांनी रिकामा डबा जवळ ओढून घेतला. मग एवढेच म्हणाले, "धुरा माह्याच हद्दीत होता, सायेब."

पुढे जागल्याने खरे सांगितले. 'दोनेक वर्षांत सुटशील, तुझी लेकरे मी पोसतो' या शब्दावर त्याने गुन्हा अंगावर घेतला होता. त्या सकाळी रायफल मालकांच्याच हाती होती आणि जुन्या काडतुसांच्या त्या रिकाम्या पुंगळ्याही त्यांनीच दिल्या होत्या. मालकांना सेशन कोर्टात शिक्षा झाली.

त्यानंतर बंदुकीच्या प्रत्येक गुन्ह्यात मी बंदुकीआधी काडतूस हातात घेऊ लागलो. नेम धरताना माणसाचा हात हलू शकतो, डोळा चुकू शकतो, आणि तो तसे कोर्टात सांगूही शकतो. पण माळ्यावरचे काडतूस सोडून देवघरातले उचलले, तेव्हा त्याला काय हवे होते ते ठरलेले असते. चोर असो की खुनी, मी घटनेपेक्षा घटनेच्या आधीची निवड जास्त तपासली आणि ती मला क्वचितच फसवून गेली.

पुढच्या हंगामात त्या गावावरून जात होतो. जागल्या दुसऱ्याच्या शेतात राखणीला होता. त्याच्या हातात घासलेटचा रिकामा डबा आणि काठी होती. जमादारांनी विचारले, "काय बे, नव्या मालकानं बंदूक नाई देली?"

"देत व्हता. मीच नाई म्हनलो." त्याने डबा बडवून दाखवला. ज्वारीतून पाखरांचा थवा उठला. बांधावर त्याची बायको बसली होती. या वेळी ती हसली.