सही ज्याची, अंथरूण त्याचं

आमचे हे बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे सह्यांतून. कसलं काय! चोपड्याजवळच्या आमच्या गावात नाल्याचं पाणी घराघरांत शिरलं आणि खालच्या गल्लीतली माणसं शाळेत न्यायचं ठरलं. शाळा जुनी. तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, "इमारत राहण्याजोगी आहे असं इंजिनिअरने लिहून द्यावं, मग कुलूप उघडू." त्यांचा इंजिनिअर पुराच्या पलीकडे अडकलेला. आणि बाया लेकरं घेऊन मारुतीच्या ओट्यावर भिजत बसलेल्या. त्यांनी तिथूनच ह्यांना हाक मारली.

ह्यांनी हातोडीने भिंती ठोकून पाहिल्या. मागची खोली बंद ठेवा, बाकी ठीक आहे, म्हणाले. पण लिहायची वेळ आली तसा वकील पुतण्याला फोन लावला.

"काका, साहेबांनी चांगल्या हेतूने काही केलं तर त्यांच्यावर कायद्याचं पांघरूण आहे. तुमची रीतसर नेमणूक असती तर तुमच्यासाठीही भांडता आलं असतं. ओट्यावरून हाक मारली, हे कोर्टात कसं सांगू?"

"अरे, मी कुठे पैसे घेतोय?"

"फुकट केलं म्हणून कोर्ट फुकट सोडत नाही, काका!"

हे पेन हातात धरून बसले. सरपंचाने ते पाहिलं आणि आपल्याकडे करतात तेच केलं. दुकानातून टॉवेल-टोपी, नारळ मागवला, चारचौघांत सत्कार केला. "आबा, घाबरू नका, बठ्ठं गाव तुमना मांगे शे!"

मी म्हटलं, "मागे कशाला भाऊ, सहीला शेजारी या की."

तो हसला आणि जोरात टाळ्या वाजवायला लागला.

टॉवेल-टोपी घेतल्यावर नाही म्हणणारा माणूस खानदेशात अजून जन्मायचा आहे. ह्यांनी सही केली. घरी आले, जेवले, आणि अंथरुणाची वळकटी बांधायला लागले.

"कुठे निघालात?"

"शाळेत झोपतो. पडली तर कोर्टात जायची कटकट नको."

मग मी काय एकटी घरी झोपणार? मीही उशी घेतली. शाळेतल्या बायांनी "अक्का, इकडे या" करत भिंतीपासून लांबची जागा दिली. मेल्यांनो, भिंत चांगली आहे म्हणून तर लिहून दिलंय!

सकाळी साहेब विचारपूस करायला आले. मैदानातूनच म्हणाले, "सगळे सुखरूप ना?"

"आत या, चहा घ्या," हे म्हणाले.

साहेबांनी एकदा छताकडे पाहिलं. "नको आबा, बूट चिखलाचे आहेत."


मी चहा बाहेर नेऊन दिला.