ताटाची डावी बाजू

ओंकार, मुक्ता,

इंग्लंडच्या प्रवासाबद्दल मी तुम्हाला आजवर जे सांगितलं, ते सगळं खरं होतं. हॅरोच्या टेकडीवरचं चर्च, सुमनआजीच्या बागेतली खारोटी, आगगाडीत कुणीच कुणाशी न बोलणारी माणसं. पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. काल रात्री तिचा मेलबर्नहून फोन आला, की खेळताना ओंकारच्या डोक्याला चेंडू लागला आणि शनिवारच्या मॅचमधून काढतील म्हणून त्याने ते कुणाला कळूच दिलं नाही; तिला त्याच्या मित्राकडून कळलं, आणि आता तो डॉक्टरांकडे यायला तयार नाही. फोन ठेवल्यावर मला सुचेनासं झालं. मग कागद काढला आणि ठरवलं, आता सगळं क्रमाने लिहायचं आणि फोटो काढून आजच पाठवायचं.

नागपुरात जानेवारीची थंडी म्हणजे दुपारी उन्हात संत्री सोलत बसण्याची थंडी. त्या थंडीच्या भरवशावर मी दोन स्वेटर घेऊन निघाले. हीथ्रोच्या बाहेर पाऊल टाकलं तेव्हाच कळलं, की भूगोल शिकवण्यात जन्म गेला तरी अक्षांश म्हणजे काय ते अंगाला माहीत नव्हतं. सुमनताई, म्हणजे माझी थोरली बहीण, विमानतळावर माझ्यासाठी कोट घेऊनच आली होती. "तुझा स्वेटर इथे उशीला घाल," ती म्हणाली.

हॅरोला आठवडा काढल्यावर मी बेसिंगस्टोकला निघाले. तिथे ताईचा मुलगा अजय राहतो, तुमच्या आईचा मावसभाऊ. जन्म इंग्लंडचा, नोकरी कॉम्प्युटर कंपनीत, आणि वेड आइस हॉकीचं. शनिवार-रविवारी तो रिंकमध्ये (बर्फाच्या बंदिस्त मैदानात) जाऊन तरुण खेळाडू पाहायचा आणि कॅनडातल्या एका मोठ्या संघाला त्यांच्याबद्दल अहवाल पाठवायचा. वॉटर्लूहून सुटलेल्या गाडीत मी शेजारच्या बाईंना विचारलं, बेसिंगस्टोकमध्ये पाहण्यासारखं काय आहे? त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाल्या, "चौकातली वर्तुळं. पुष्कळ आहेत." स्टेशनवरून अजयच्या घरी जाताना मोटार एकामागून एक अशा वर्तुळांना वळसे घालत राहिली, तेव्हा बाई खोटं बोलल्या नव्हत्या हे पटलं.

वाटेत अजयने एमिलबद्दल सांगितलं. एमिल स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातला, अठराव्या वर्षात. आदल्या वर्षी त्याचं नाव सगळीकडे झालं होतं. येत्या जूनमध्ये ड्राफ्ट व्हायचा होता (अमेरिका-कॅनडातले मोठे संघ जगभरातल्या या वयाच्या मुलांतून आळीपाळीने निवड करतात, तो दिवस). त्यात एमिलचं नाव लवकर पुकारलं जाणार, असं सगळे धरून चालले होते. मग शरद ऋतूत त्याचा खेळ एकाएकी उतरला. कुणी म्हणालं आळशी झाला, कुणी म्हणालं घाबरट झाला. स्वीडनच्या तरुण संघाने त्याला वगळलं, म्हणून हिवाळाभर खेळायला मिळावं यासाठी तो बेसिंगस्टोकच्या संघात आला होता. तो संपला आहे की नुसता खचला आहे, हे अजयने पाहून कळवायचं होतं.

"मावशी, बाकी सगळ्यांनी त्याला राइट ऑफ केलंय," अजय म्हणाला. "मी एकटाच म्हणतोय की तो येणार परत. मी बरोबर निघालो तर ते मला फुल टाइम घेणार. ही कॉम्प्युटरची नोकरी संपली मग."

छत्तीस वर्षांचा माणूस, पण हे सांगताना त्याचा चेहरा दिवाळीच्या आदल्या दिवशीच्या मुलासारखा झाला होता.

शनिवारी संध्याकाळी आम्ही सामना पाहायला गेलो. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. टपरीवरच्या मुलीने चहाबरोबर चिप्स (बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी) दिल्या आणि विचारल्याशिवाय त्यांवर व्हिनेगर ओतलं. मी कानटोपी ओढून बसले. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या घोंगडीचा अर्धा भाग न बोलता माझ्या गुडघ्यांवर टाकला.

खेळातलं मला काही कळत नव्हतं. काळी चकती इतकी लहान आणि वेगवान, की ती दिसेपर्यंत माणसं दुसरीकडे गेलेली असत. पण एमिल मला लगेच ओळखता आला. बाकीचे बर्फावर पळत होते. हा वाहत होता. जाड कापड एका दमात फाडावं तसा त्याच्या बुटांच्या पात्यांचा आवाज यायचा. मात्र डाव्या अंगाने चकती आली की ती त्याच्याजवळून निघून जायची आणि तो जागचा हलायचाही नाही. असं बऱ्याचदा झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "डावीकडे जायला वेगळं तिकीट लागतं का रे?" लोक हसले. घोंगडीवाले गृहस्थ म्हणाले, "हात देवाचे आहेत पोराचे, पण अंगात आळस."

दुसऱ्या दिवशी अजयने एमिलला जेवायला बोलावलं. घरापासून दूर राहिलेलं पोर, म्हणून मी मन लावून स्वयंपाक केला. ताईने स्टीलची ताटं दिली होती. आपल्याकडे वाढतात तसंच मी वाढलं. तुम्ही मेलबर्नला बशीत जेवता, म्हणून सांगते: ताटालाही नकाशा असतो. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. मध्ये वरणभाताची मूद, वर तूप.

एमिल उंच, लाजाळू, पिवळ्या केसांचा. वरण चाखून म्हणाला, आमच्याकडे दर गुरुवारी असंच पिवळ्या वाटाण्याचं सूप करतात. पोटभर जेवत होता. अजय भातावर लिंबू पिळतोय हे पाहून त्याने विचारलं, मलाही लिंबू मिळेल का?

"ताटात आहे की तुझ्या," अजय हसून म्हणाला.

एमिलही हसला, पण जरा उशिराने. मग त्याने मान पूर्ण वळवली तेव्हा त्याला लिंबू दिसलं. त्याचे कान लाल झाले. मी पाहिलं, त्याने डावीकडच्या एकाही पदार्थाला हात लावला नव्हता. आवडलं नसेल, असं मीही स्वतःला सांगितलं. पण दुसऱ्यांदा भात वाढताना मी त्याचं ताट अर्धं फिरवलं. तो कोशिंबीर खाऊ लागला. मग वर पाहून त्याने विचारलं, "हे आत्ता वाढलंत का?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

जेवणानंतर अजय मोटारीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला बाहेर गेला. मी एमिलला सरळ इंग्रजीत विचारलं, "तुला डावीकडचं दिसत नाही ना?"

त्याने आधी दाराकडे पाहिलं, अजय परत येत नाही ना. मग त्याने सांगितलं. ऑक्टोबरात सरावाच्या वेळी मागून धक्का बसला आणि डोकं रिंकच्या कठड्यावर आपटलं. रात्री उलट्या झाल्या. संघातून काढतील म्हणून त्याने आईलाही सांगितलं नाही. काही दिवसांनी दाराची चौकट अर्धीच दिसते आहे, हे लक्षात आलं. तेव्हापासून तो मान वळवून काम भागवत होता.

"जूनपर्यंतच," तो म्हणाला. "एकदा नाव पुकारलं की मी डॉक्टरांकडे जाईन. शपथ."

"आणि तोवर पुन्हा मार बसला तर?"

"डावीकडून येणारा माणूस मला दिसतच नाही. त्यामुळे भीती वाटत नाही."

हे त्याने मला धीर द्यायला सांगितलं, पोरांनो.

मी म्हटलं, आज अजयला कळलंच पाहिजे, तू सांग नाहीतर मी सांगते. मोटारीत तो मागे बसला, पण त्याची खोली येईपर्यंत त्याने अजयला काही सांगितलं नाही. उतरताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. परतताना मीच सांगितलं.

अजयने गाडी बाजूला घेतली. "मावशी, तू एक जेवण बघितलंस. मी दोन वर्षं त्याचे टेप बघतोय."

"तो स्वतः म्हणाला मला."

"होमसिक आहे तो. घरी जायला निमित्त शोधत असेल." मग पुन्हा गाडी सुरू करत, "कोचला फोन करून काय सांगू? पोराने कोशिंबीर खाल्ली नाही?"

तरी त्याने घरी आल्यावर फोन केला. मी ऐकत होते. कोचने एमिलला फोन लावून विचारलं, एमिलने सगळं नाकारलं, आणि विषय संपला. बुधवारी मँचेस्टरला सामना होता. अजय म्हणाला, मी स्वतः बघतो. मी म्हटलं, मीही येते.

मँचेस्टरचा रस्ता मला पावसाशिवाय आठवत नाही. वाटेतल्या थांब्यावर कागदी पेल्यातलं टोमॅटोचं सूप घेतलं. त्याला चव नव्हती, की माझ्याच तोंडाला नव्हती, कोण जाणे. गावात ट्राम घंटा वाजवत जात होत्या, दिवेलागणीला ओल्या विटा काळ्या दिसत होत्या, छत्र्यांखालून विद्यार्थ्यांचे घोळके चालले होते. कुणीतरी हिंदीत आईशी फोनवर भांडत होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला ते शहर आवडलं असतं.

सामन्याच्या मधल्या भागात एमिलने गोल केला. उजव्या कडेने निघाला, दोघांना चुकवलं, तिसरा आडवा आला तर चकती त्याच्या पायांमधून काढून पुन्हा स्वतःच घेतली आणि हलकेच जाळ्यात सोडली. परक्या गावचे लोकसुद्धा उभे राहिले. अजयने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "बघ," तो म्हणाला, "बघ मावशी." मीही त्या क्षणी देवाजवळ मागितलं, की मी चुकलेली असू दे.

थोड्याच वेळात एमिल मधोमध चकती घेऊन निघाला. डावीकडून दुसऱ्या संघाचा एक दांडगा खेळाडू त्याच्यावर चालून येत होता. सगळ्या रिंकला तो दिसत होता. एमिलची मान हलली नाही, खांदा आकसला नाही. शेवटच्या क्षणी त्या खेळाडूचाच पाय घसरला आणि तो एमिलला चाटून कठड्यावर गेला. एमिल दचकून त्या आवाजाकडे वळला. तोपर्यंत त्याला काहीही माहीत नव्हतं.

अजयने माझा हात सोडला. तो पायऱ्या उतरून खेळाडूंच्या बाकाकडे गेला आणि कोचच्या कानाशी बोलू लागला. आपल्या बोलण्याने आपलंच काय जाणार, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. कोचने एमिलला बाहेर बोलावलं. उरलेला सामनाभर तो बाकाच्या टोकाला बसून होता. लोकांना वाटलं, दमला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं इस्पितळात गेलो. एमिलने मला आत येऊ दिलं. का, ते मी विचारलं नाही. डॉक्टरीणबाई त्याच्यासमोर बसल्या, दोन्ही हात बाजूंना पसरले आणि म्हणाल्या, माझ्या नाकाकडे बघ आणि बोट हललं की सांग. उजवीकडचं बोट हललं. "हो." पुन्हा उजवीकडचं. "हो." मग डावीकडचं बोट हललं. ते हलत राहिलं आणि एमिल शहाण्या विद्यार्थ्यासारखा ताठ बसून वाट पाहत राहिला.

मेंदूचं छायाचित्र काढल्यावर बाई म्हणाल्या, आत रक्तस्राव होऊन गेलेला आहे, गेलेली दृष्टी बहुधा परत येणार नाही, आणि आणखी एक मार जिवावर बेतू शकतो. एमिलने विचारलं, नुसता सराव केला तर? बाईंनी मान हलवली.

बाहेर येताना तो मला म्हणाला, "तुम्ही मला जेवायला बोलावलं नसतं तर बरं झालं असतं." राग नव्हता आवाजात.

दोन दिवसांनी तो घरी गेला. अजयने कॅनडाला कळवलं, की हा मुलगा खेळणार नाही. त्यांनी आभार मानले आणि पुन्हा त्याला काही काम सांगितलं नाही.

मी परतले तेव्हा नागपूर तापायला लागलं होतं. ताईने निरोप देताना म्हटलं होतं, तू योग्य तेच केलंस. विमानात मी तेच घोकत होते आणि त्याने काही हलकं होत नव्हतं. जो मृत्यू टळला तो कदाचित आलाही नसता. जे गेलं ते मात्र नक्की गेलं, आणि माझ्या हातून गेलं. जूनमध्ये अजयचा फोन आला. ड्राफ्टची यादी शेवटपर्यंत वाचून झाली होती. "मला माहीत होतं, मावशी. तरी बसलो ऐकत," तो म्हणाला. त्यानंतर तो रिंककडे फिरकलेला नाही. तीन वर्षं झाली. नोकरी तीच आहे.

एमिल काकाच्या लाकडाच्या वखारीत काम करतो, एवढं अजयला दर नाताळच्या शुभेच्छापत्रातून कळतं. त्याला मोटार चालवू देत नाहीत. गावातल्या रिंकवरून जायला नको म्हणून तो लांबच्या रस्त्याने घरी जातो.

ओंकार, उद्या आईबरोबर डॉक्टरांकडे जा. मॅच जाईल, आणि तुला माझा राग येईल. येऊ दे.

एमिल जिवंत आहे. उजवीकडचं त्याला अजून सगळं दिसतं.

तुमची,
आजी