हिरव्या गाडीचा रिमोट

त्याच्या दुकानात माणसं मेलेल्या वस्तू घेऊन येतात आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहतात. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, थापट मारली तरच बोलणारा रेडिओ. तो कपाळावरचा चष्मा नाकावर घेतो, वस्तू उलटी करतो, कानाशी धरून हलवतो आणि निकाल सांगतो. "होईल" म्हणाला की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. "आता जाऊ द्या हिला" म्हणाला की माणसं हळहळतात, पण मानतात. एवढी वर्षं एका जागी बसून त्याने शब्दाला तेवढं वजन आणलं होतं.

अलीकडे एक नवीनच टूम निघाली होती. चांगली टक्कल पडलेली माणसं माळ्यावरून जुने व्हिडिओ गेम काढून आणायची. टीव्हीला जोडायचा तो डबा, शेपट्या फुटल्यासारखे दोन रिमोट, आणि वरून खुपसायच्या जाडजूड कॅसेटी. लाजत लाजत विचारायची, "खेळण्याजोगा आहे का हो अजून?"

आणि ह्याचा निकाल ठरलेला. डबा उघडायचासुद्धा नाही. "अहो, जुनं ते आठवणीतच चांगलं. लावून बघाल तर चित्रं ठोकळ्यांची, आवाज डासाचा. चहा निवायच्या आत कंटाळाल, आणि वर आठवणही हातची जाईल."

माणसांना वाटायचं, किती खोल बोलला. त्याच्या बायकोला मात्र नवल वाटायचं. तुटक्या छत्रीलाही नाही न म्हणणारा हा माणूस ह्या एका वस्तूपुढेच असा अंग चोरून का घेतो? पण तिने विचारलं नाही. संसारात सगळंच विचारत बसलं तर स्वयंपाक कधी करायचा?

एके दिवशी त्याची धाकटी बहीण खोकं काखेत मारून दुकानात शिरली. हिला सगळे बारकी म्हणतात. आता अंगाने चांगली दणकट आहे, केस पिकलेत, पण लहानपणी चिकटलेलं नाव सुटतंय कुठे. म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळायचं एक केंद्र आहे, तिथे ती मदतनीस. कुणाला उठवायचं, कुणाला भरवायचं, कुणाचे बोटांचे व्यायाम करून घ्यायचे, आणि सगळ्यांची बोलणी खायची. हसणं तिचं असं की गल्लीच्या टोकाला कळावं.

"दादा, डोळे मिट! ओळख बघू काय आणलंय!"

त्याला डोळे मिटायची गरज नव्हती. खोक्यातून आईच्या जुन्या स्वेटरची बाही लोंबत होती आणि त्या बाहीतून एका रिमोटचं शेपूट.

"आईच्या कपाटात अगदी तळाशी होतं," बारकी म्हणाली. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते, दोघं मिळून तिची खोली रिकामी करत होते. "मला वाटलं, तूच कधी मोडीत काढलंस."

"काढायला हवं होतं."

"वा रे वा! माझी सगळी अब्रू त्यावर आहे. आमच्या केंद्रातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, दादाची लाल गाडी, माझी हिरवी, आणि हरला की दादा भोकाड पसरायचा." मग ती जरा खुर्ची ओढून बसली. "तिथे नवे गेम आणून लावले रे कुणीतरी. रिमोटला इतकी बटणं की तिथल्या आमच्या एक मास्तरीणबाई म्हणाल्या, ह्यापेक्षा मी विमान चालवते. ह्याला कसं, एक बटण पळायला, दोन वळायला. बोटांना व्यायाम आणि डोक्याला ताप नाही. पण जुनं आहे, म्हणून तुझ्याकडे आणलं. तू बघून सांग, खेळण्याजोगं आहे की नाही. नाही म्हणालास तर टाकून देते. तुझा शब्द शेवटचा."

नेहमीचं वाक्य त्याच्या ओठावर आलं होतं, आणि चहा निवण्यापर्यंत पोचलंही असतं. पण तिने इतक्या भरवशाने बघितलं की तो नुसता "ठेवून जा" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं ओढून त्याने डबा उघडला. धूळ ब्रशने झाडली, सुटलेल्या तारेला डाख लावला, जुन्या डबा टीव्हीला जोडलं. पडदा आधी बर्फाळला, मग टुंई टुंई करत रस्ता उमटला. लाल गाडी. शेजारी हिरवी. यंत्राला धाड भरली नव्हती.

मग त्याने टॉर्च मारून रिमोट खोचायची दोन तोंडं बघितली. पहिल्यातल्या पिना काळ्या पडलेल्या, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. दुसऱ्यातल्या पिना लखलखीत. कारखान्यातून आल्या तशा. एक ओरखडा नाही.

त्याने टॉर्च विझवला. त्याला काही नवीन कळलं नव्हतं. पण एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि तिने असं दात दाखवून समोर हसणं वेगळं.

झालं होतं असं. दोघांनी खेळायला घेतलं की ह्या गेमचा पडदा मधोमध कापला जायचा. अर्धा एकाला, अर्धा दुसऱ्याला. आणि दादाला तर अख्खा पडदा हवा. बारकी तेव्हा इतकी लहान की बुटाची नाडीसुद्धा दुसऱ्याने बांधायची. त्याने तिच्या हातात दुसरा रिमोट दिला आणि वायरचं टोक टीव्हीच्या टेबलामागे सोडून दिलं. कुठेच न जोडलेलं. एकट्याचा खेळ लावायचा, म्हणजे बाकीच्या गाड्या यंत्रच पळवतं. त्यातली हिरवी दाखवून म्हणायचा, "ती बघ तुझी."

पोरगी जिवाच्या आकांताने बटणं दाबायची. जीभ बाहेर, मान गाडीबरोबर वळलेली.

इथपर्यंत असतं तर खोडी म्हणून खपलं असतं. भाऊ काय काय करतात. पण ती हिरवी गाडी मेली होती तरबेज. वरचेवर पुढे जायची. यंत्राला मारता येत नाही, म्हणून हा आईकडे जाऊन गळा काढायचा, "ही चिडका डाव खेळते!" आई दिवसभराची दमलेली. ती येऊन बारकीच्या पाठीत एक धपाटा घालायची. "दादाला जिंकू दे की जरा! एवढी काय ती हाव!" आणि ह्याला पक्कं ठाऊक असायचं की पोरीने काही केलेलंच नाही.

बारकीला समज यायच्या आत खेळ कपाटात गेला, म्हणून झाकलं गेलं.

संध्याकाळी ती विचारायला आली तेव्हा त्याने मान खाली घालूनच सांगितलं, "गेलंय ते. आतली पट्टी जळलीय."

तेवढ्यात बायको आतून चहा घेऊन आली. "काय जळलंय? अहो, सकाळी तर किती वेळ टुंई टुंई चाललं होतं. मी बाई दोनदा कुकर उघडून बघितला! वन्सं, चालतंय तुमचं यंत्र, छान चालतंय."

त्याचे कान तापले. "हां, म्हणजे... पहिलं तोंड चालतं. दुसऱ्या रिमोटचं गेलंय. दोघांना नाही खेळता येणार."

बारकीचा चेहरा उतरला. कप हातात तसाच राहिला. "दुसरा म्हणजे माझाच की रे. मीच घालवला असणार. आई म्हणायचीच, किती जोरात दाबतेस, मोडशील."

त्याला वाटलं, दुकानातली जमीन दुभंगावी आणि ह्या सगळ्या मिक्सरांसकट आपल्याला पोटात घ्यावं. "बघतो," तो म्हणाला. "होईल."

"होईल" म्हटल्यावर व्हायलाच हवं होतं. त्यातून जिथे काही बिघडलंच नव्हतं तिथे न होऊन सांगतो कुणाला!

रविवारी केंद्राच्या मोठ्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बारकीने केस नीट विंचरले होते. म्हातारी मंडळी तमाशा बघायला सरसावून बसलेली, आणि सगळ्यांत पुढे मास्तरीणबाई, हातात काठी, डोळ्यांत अजून वर्गावरची जरब.

"हाच का तो रडका?" त्यांनी विचारलं.

"हाच!" बारकी म्हणाली, आणि खोली हसली. त्यालाही हसावं लागलं.

त्याने दोन्ही रिमोट जोडले. लखलखीत पिनांत तो दुसरा पहिल्यांदाच कट्‌ करून बसला. यंत्र चालू झालं आणि पडदा मधोमध कापला गेला.

बारकी थबकली. "हे असं काय? आपला तर अख्खा असायचा."

"दोघं खेळताना असाच होतो."

"मग तेव्हा का नव्हता? तेव्हाही दोघंच होतो की."

मास्तरीणबाईंनी काठीवरची पकड बदलली. त्याने उगाच एक वायर चाचपली. "तेव्हा... वेगळं लावलेलं असायचं. चल, सुरू झालं बघ."

ती हरली. नुसती हरली नाही, तिची हिरवी गाडी प्रत्येक भिंतीला भेट देऊन आली. पुन्हा खेळली, पुन्हा तेच. कुणी म्हणालं, "बारके, लायसन कुणी दिलं तुला?" ती सगळ्यांत मोठ्याने हसली, पण तिसऱ्या खेपेला रिमोट मांडीवर ठेवून बोटं बघत राहिली. मग त्याच्याकडे झुकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशी बोलली.

"हात विसरले रे, दादा. पण तुला एक सांगू? तेव्हाही मी पुष्कळदा मुद्दाम हरायचे. आई मारायची ना. मग वळण आलं की मी हळूच अंगठा काढून घ्यायचे. गाडी मागे पडायची. कधीकधी तरीही पुढेच जायची मेली, मग मी आधीच पाठ आखडून बसायचे. पण तू जिंकून हसलास ना, की बरं वाटायचं."

त्याने तिचा खेळ चोरला होता, हे त्याला ठाऊक होतं. जो खेळ तिच्या हातात नव्हता त्यातसुद्धा ती त्याच्यासाठी हरत होती, हे ठाऊक नव्हतं. कुठेच न जोडलेल्या त्या बटणावरून एवढीशी पोर अंगठा काढून घेत होती, आणि तो शेजारी बसून जिंकत होता.

चहा झाल्यावर ती मागच्या मोरीशी कप विसळायला गेली. तो फडकं घेऊन पुसायला उभा राहिला.

"बारके, तुझा रिमोट जोडलेलाच नसायचा."

ती एकच कप धूत राहिली. "कधी?"

"कधीच."

"आणि हिरवी गाडी?"

"ती यंत्राची. आपोआप पळायची."

पाणी वाहत होतं. तिने नळ बंद केला. "म्हणजे मी जिंकत नाही हे तुला माहीत होतं. तरी आईला जाऊन सांगायचास?"

"राग यायचा."

"कुणाचा? यंत्राचा?"

"हो."

"राग यंत्राचा आणि पाठ माझी," ती म्हणाली. हसल्यासारखं काहीतरी तिच्या तोंडावर आलं, पण ते हसू नव्हतं. "आणि परवा ते तोंड गेलंय म्हणालास. मी घालवलं असेल म्हणाले, तेव्हाही गप्प बसलास. ते बोलणारं लहान पोर नव्हतं ना रे?"

"नव्हतं."

तिने हात पुसले. "कप जागेवर ठेव. कान आत करून," एवढं म्हणून ती खोलीत गेली. तिथे कुणाला तरी उठवायचं होतं.

त्यानंतर बरेच दिवस तिचा फोन नाही. त्याने लावला तर कामात आहे म्हणायची, आणि खरंच मागे कुणीतरी खोकत असायचं. त्याने बायकोला सगळं सांगितलं. एरवी मीठ कमी पडलं तरी दिवसभर बोलणारी बाई, ह्या वेळी "असं होय" म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

दुकानात एक माणूस गेमचा डबा घेऊन आला. "खेळण्याजोगा आहे का हो?" ह्याने वाक्य जुळवायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुणाच्या आठवणीला जपतोय असं दाखवत तो एवढी वर्षं स्वतःलाच जपत आला होता. "ठेवून जा," तो म्हणाला. "लावून बघितल्याशिवाय मी सांगायचं कसं?"

मग एकदा बायको म्हणाली, "वन्संचा निरोप आहे. रविवारी खेळायला या म्हणाल्यात. बाकी काही बोलायचं नाही, असंही म्हणाल्यात."

तो गेला. मंडळी गोल बसलेली होती. कळलं की बारकी रोज मास्तरीणबाईंबरोबर सराव करते, आणि मास्तरीणबाई वळणावर काठी आपटून "दाब!" म्हणून ओरडतात.

बारकी आधी बसली नाही. यंत्रापाशी वाकली, आपली वायर बोटाने खेचून पाहिली. घट्ट होती. मग त्याचीही खेचून पाहिली. सगळ्यांच्या देखत, सावकाश. तेवढा वेळ तो फरशीच्या फटीकडे बघत उभा राहिला. मान वर करायची हिंमत झाली नाही.

पडदा कापला गेला, गाड्या सुटल्या. हिरवी आता भिंतींना भेटत नव्हती. पहिल्या वळणाला दोघं बरोबर आले तेव्हा त्याने चोरून तिच्या हाताकडे पाहिलं. अंगठा बटणावर इतका दाबलेला होता की नख पांढरं पडलं होतं.

"पुढे बघ," ती म्हणाली. दादा म्हणाली नाही.