फरशीत उतरलेला करंट

भोकरदनच्या त्या घरी मी गेलो तो वैतागूनच. घरच्या मुलाने परदेशात कुठेतरी पाहून वडिलांच्या सांधेदुखीसाठी त्यांच्या खोलीत फरशीखाली तापणारी केबल टाकून घेतली होती. आमच्याकडे थंडी दीड-दोन महिने, आणि तेवढ्यासाठी हा उपद्व्याप. दिवाळीनंतर वडील गेले. तेव्हापासून ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की आपोआप पडणारा स्विच, सारखा पडू लागला. या शहाण्या मुलाने तो काढून वायरी सरळ जोडून टाकल्या. असली माणसं भेटली की माझं डोकं फिरतं. आता फरशी पुसताना सुनेच्या हाताला मुंग्या येत होत्या, म्हणून तिनेच वायरमन म्हणून मला बोलावलं.

दुपारची वेळ होती. खोलीत पलंग नव्हता. मधोमध चटईवर सासूबाई कुशीवर निजल्या होत्या, एक हात चटईबाहेर, तळवा फरशीला टेकलेला. ओठ हलत होते. हरभऱ्याला पाणी दिलं, म्हशीने दूध कमी केलं, असं त्या हळू आवाजात कुणाला तरी सांगत होत्या. मधेच थांबायच्या, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारख्या, आणि मान हलवायच्या.

"रोजचंच हाय," सून दारातून म्हणाली. "मामंजी हात धरून राह्यले म्हणतात."

धावत जाऊन मेन पाडला. परत आलो तर सासूबाई उठून बसलेल्या.

"लाईट गेली की हे हात सोडतात," त्या मला शांतपणे म्हणाल्या. "आली की मंग परत धरतात."

वायरीतून करंट गळतो का ते तपासायचा मेगर लावून पाहिला. काटा शून्यावर. केबल कुठेतरी फुटली होती आणि सगळ्या फरशीत करंट उतरला होता. मी सुनेला विचारलं, "इथं कुणी ड्रिल मारलं? खुंटी, स्टँड, काही ठोकलं?"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. शेवटी सासूबाईंचा तळवा होता तिथल्या फरशीच्या सांध्यात बोट फिरवलं. खिळ्याचं डोकं लागलं.

"मग हा काय?"

"तो तर रिवाजाचा," सून म्हणाली. "माणूस गेलं त्या जागी ठोकतात. परत येऊ न्हाई म्हणून."

रिवाजाचा खिळा तिच्या लेखी ठोकण्यात धरायचाच नव्हता. तो नेमका केबलमधून आरपार गेला होता. तिथे केबल संपत आलेली, न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत जातो त्या वायरीच्या, बाजूला, म्हणून झटका न बसता नुसत्या मुंग्या येत. न्यूट्रल सुटली असती तर सगळा दाब त्या खिळ्यावर आला असता आणि बाई चटईवरच राहिल्या असत्या. हे मी त्यांना जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काढावाच लागतो का?"

"काढावाच लागेल, आई."

"मंग हे जातील."

वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. मेन बंद आहे ना ते परत जाऊन पाहिलं, मगच खिळा पकडीत धरून उपटला.

तेवढी फरशी उकरून जोड दिला, नवा ईएलसीबी बसवला, मेन टाकला. तासाभरात फरशी सगळीकडे सारखी उबदार झाली. सासूबाईंनी त्याच जागी तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग पदर सावरून उठल्या.

"पाणी ठेव," त्या सुनेला म्हणाल्या. "अंघोळ करायची. आज गेले हे."

सून तिथेच रडायला लागली. मी पिशवी उचलून निघालो, तशा त्या माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुम्ही बी जवळच होते. अंघोळ केल्याबिगर घरात शिरू नका."

मी असलं काही मानत नाही. तिन्हीसांजेला घरी पोचलो, बाहेरूनच बायकोला हाक मारून टॉवेल मागितला आणि अंगणातल्या नळाखाली बसलो.