आलं का?

बिबवेवाडीत टीव्ही दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. टीव्हीच्या मागे वाकून वायरी जोडताना ते "आलं का?" असं विचारतात आणि आपण उत्तर देईपर्यंत पुतळ्यासारखे थांबतात.

परवा दुकानात त्यांनी माझा टीव्ही लावून बघितला, तर पडद्यावर नेमकी लहानपणी रविवारी सकाळी लागायची ती मुलांची मालिका! मी विरघळलोच. "आलं, आलं! हलू नका!" असं ओरडलो आणि वर म्हणालो, "काय दिवस होते हो आपल्या लहानपणी!"

पक्कड आपटून ते ताठ उभे राहिले.

"आपल्या नाही, तुमच्या! आई ज्यांच्याकडे धुणंभांडी करायची, तिथे मी हीच मालिका बघायला जायचो. दारातच हुकूम व्हायचा, गच्चीवर जाऊन अँटेना धर. उन्हातून मी विचारायचो, आलं का? खालून सगळे ओरडायचे, आलं, हलू नकोस! गाणं पाठ आहे मला. चित्र नाही दाखवलंत कुणी. आणि आता जो येतो तो मलाच सांगतो, आपलं लहानपण!"

टीव्ही घेऊन रिक्षात बसलो तरी मी धुमसत होतो. मी काय घोडं मारलं होतं यांचं?

मग आठवलं. आमच्याही गच्चीवर एक मुलगा असायचा. "हलू नकोस" असं त्याला मीच ओरडून सांगायचो. मालिका संपल्यावर "ये खाली" असं कोणी म्हटल्याचं मात्र आठवत नाही.