धोटेबुवांच्या चार हलग्या

धोटेबुवांशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून, तोंडावर उजेड घेऊन बोलावं लागे. माधवनगरच्या गिरणीत वीस वर्षं मागावर काढलेला माणूस. कान जवळजवळ गेलेले. मागांच्या खडखडाटात तिथं कुणालाच काही ऐकू येत नसे. त्यामुळे कामगार आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत आणि एकमेकांचं सगळं समजून घेत. बुवा एका जागी ठरत नसत, मागातल्या धोट्यासारखे सारखे इकडून तिकडे, म्हणून धोटे. आणि गळा नसताना संगीत नाटक लिहायला निघाले, म्हणून वर बुवा. नाव त्यांच्या चाळीनंच ठेवलेलं.

सत्तरच्या दशकात मी विश्रामबागेत राहायचो आणि सांगलीच्या एका नाट्यमंडळात ऑर्गन वाजवायचो. एके दिवशी हे गृहस्थ आमच्या तालमीत हजर. "तुमच्या नाटकात समदी राजं आन् ऋषी. आमी काय पाप केलंय?" गिरणीमागची चाळ, नळावरची भांडणं, संप, छातीत कापूस बसून खोकणारी माणसं, हे सगळं त्यांना संगीत रंगभूमीवर आणायचं होतं. आणि पदं? पदं नाहीतच! हलगीच्या तालावर धाडधाड यमकात बोलायचं, बस्स. आता माझा नातू असलंच काहीतरी रॅप म्हणून ऐकतो. तेव्हा आमचे गायक नट पोट धरून हसले. मी हसलो नाही असं लिहायला आवडलं असतं, पण हसलो.

बुवा हटेनात. पाळी सुटली की सायकल हाणत यायचे. "डाक्टर म्हनतोय, वरसात कान बंद. त्याच्या आत मला ह्ये इस्टेजवर व्हायला पायजे, गड्या." शेवटी कंटाळून म्हणा, कीव येऊन म्हणा, आमच्या चिटणिसांनी नाट्यगृहातली एक दुपार दिली. जमलं तर पुढचा प्रयोग सातारला, नाही तर पुन्हा मंडळाची पायरी चढायची नाही.

तालमी चाळीतल्या खोलीत झाल्या, एका हलगीवर. सहा कामगार असे काही बोलायचे की माझ्या अंगावर काटा यायचा. प्रयोगाच्या दिवशी मात्र बुवांनी चार हलग्या आणल्या. "एवड्या मोट्या जागंत एका हलगीचं मला काय ऐकू यायचं?"

मी नांदी वाजवली, हलग्या कडाडल्या आणि घात झाला. नाट्यगृह मागखात्यासारखं दणाणलं आणि सहाच्या सहा जणांचा आवाज बंद! सवयच ती. ओठ हलताहेत, हात हलताहेत, शब्द एक नाही. मागच्या रांगांतले गिरणीवाले सगळं समजून डोळे पुसत होते. पुढचे लोक एकमेकांकडं बघत उठायला लागले. विंगेत बुवा उभे. त्यांना हलग्या ऐकू येत होत्या, ओठ दिसत होते. आनंदानं रडत होते बिचारे.

पडदा पडल्यावर त्यांनी मला मिठीच मारली. "एक शबुद सांडला न्हाई रं पोरांनी! लोकं कशी गपगार झाली, बगितलंस न्हवं?" काय सांगणार, कपाळ! "लय भारी झालं, बुवा," मी म्हणालो.

मग ते दर रविवारी घरी यायला लागले. "सातारची तारीख?" मी सांगायचो, नाट्यगृह मिळत नाही, चिटणीस गावाला गेलेत. महिनोन्महिने मी असं खोटं बोलत राहिलो. तोवर गिरणीनं कामगार कमी केले, आमच्या सहातले चौघं पोटासाठी भिवंडीला पांगले आणि बुवांचे कान पुरते गेले. एका रविवारी ते थेट चिटणिसांकडं गेले, त्यांच्या ओठांवर खरं काय ते वाचलं आणि तिथून माझ्याकडं आले. मला वाटलं, शिव्या घालतील. त्या मी मुकाट्यानं खाल्ल्या असत्या.

"तवाच का न्हाई सांगितलंस?" ते म्हणाले. "तीन हलग्या कमी केल्या असत्या रं. मला नसतं ऐकू आलं तर नसतं. लोकांस्नी तरी आलं असतं."

खरंच एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं, तर चिटणिसांनी आणखी एक दुपार दिली असती. माणूस वाईट नव्हता. मी बुवांचं मन राखलं आणि त्यांचं नाटक मारलं. त्यानंतर ते माझ्या दारात आले नाहीत. बुवा वारल्याचं कळलं तेव्हा मी सायकल काढली, माधवनगरच्या फाट्यापर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो.